शीग नको

शनिवारी संध्याकाळी मामी गॅस बंद करते, सिलिंडरचाही,
आणि टेबलावर पेपर अंथरला जातो, त्याच दिवसाचा, वाचून झालेला.
त्यावर शांतवनमामा पेटी उघडतो.

म्हशीच्या शिंगाची बारूददाणी, टोकाला लाकडी बूच.
पितळेचं माप, आजोबांच्या दाढीच्या पेल्यापेक्षा लहान.
टोप्यांची डबी, आधी तिच्यात खोकल्याच्या गोळ्या होत्या.
गोळ्यांचा साचा जुन्या बाजारातला, एका बुधवारी मिळालेला.
विकणारा त्याला अडकित्ता समजत होता
आणि मामाने त्याचा समज मोडला नाही.

शिसं नाना पेठेतलं, गाड्यांच्या चाकांवरून उतरवलेलं.
चिंध्या माझ्या जीन्सच्या, गुडघ्याखालच्या.
चरबी खडकी बाजारातल्या खाटकाकडची, मेणात कालवून;
ते पातेलं मामी ओळखून आहे,
पाहुणे आले तरी त्याला हात लावत नाही.

'दारू मोजतोय,' मामा फोनवर सांगतो
आणि पलीकडचा हसतो, दर वेळी तेवढंच.
छत्तीस वर्षं फॅक्टरीत सरकारची मोजली,
नखाएवढी घरी आणली नाही.
ही दुकानातली. पावती आहे, परवान्यावर शिक्का आहे.

मामा सांगतो: ज्वारीला शीग हवी,
माहेरी आलेल्या लेकीच्या ताटाला हवी.
हिला नको. सपाट. काठाला काठ.
वर थोडा रवा.
रवा?
रवा. पोकळी राहता कामा नये.
मामी बरणी पुढे करते. 'उद्याच्या उपम्यापुरता सोडा.'

यंदा त्याचा हात थरथरला.
काळे दाणे सांडले राशिभविष्यावर,
कन्या, तूळ आणि अर्धा वृश्चिक.
आम्ही तिघं बघत राहिलो, जणू कुणी चुकीचं नाव घेतलं होतं.
मग त्याने पेपरचं पन्हळ केलं, दाणे परत शिंगात ओतले,
आणि माप माझ्यापुढे सरकवलं,
जेवताना मीठ सरकवतात तसं.

फोटोच्या रोलच्या चोवीस डब्या मी भरल्या.
तो खिडकीबाहेर बघत होता.
सतरावीला म्हणाला, 'ही परत कर.'

पौडच्या पुढे, माळावर, बाभळीला
भाकरीचा जुना तवा टांगलेला.
मामाच्या डोक्यावर हॅट,
कमरेला फडगेटच्या मोच्याने शिवलेला पट्टा.
काऊबॉय म्हणजे शेवटी गुराखीच,
तो तिथल्या पोराला समजावतो.
पोरगं सात म्हशी राखतंय.
ते हॅटकडे बघतं, पट्ट्याकडे बघतं.
'मग आमाला का न्हाई बंदूक?'
मामाकडे याचं उत्तर नव्हतं. हॅट त्याने थोडा वेळ त्याला दिली.

दारू. रवा. चिंधी, त्यावर गोळी.
गज सरळ धर, ठास, ठोकू नकोस.
गज काढलास? काढला. दाखव.
टोपी सगळ्यात शेवटी,
नळी समोर, सगळी माणसं मागे, म्हशीही.

मग धूर.
पांढरा, जाड, कुजक्या अंड्याच्या वासाचा,
आणि त्यात आपण आंधळे.
लागली की नाही हे पलीकडून तवाच सांगतो.
सांगितलं त्याने.
पोरगं 'आयला' म्हणालं, मामा काहीच म्हणाला नाही,
फक्त पुढची डबी माझ्या हातात दिली.

रात्री गरम पाणी, साबण, बादलीत काळा चहा.
आज धुतली नाही तर उद्या गंज, हे मामीलाही पाठ आहे.

आठवड्याने निवडणूक लागली.
हत्यारं जमा करा म्हणून ठाण्यातून निरोप.
हवालदाराने बंदूक आडवी-उभी बघितली.
'ठासणीची? चालते का अजून?'
'थांबता येणाऱ्याकडे चालते.'
हवालदार पावती लिहू लागला, थांबायला त्याला वेळ नव्हता.

मामाने पावती चष्म्याशी नेली, दूर नेली, माझ्याकडे दिली,
मग परत घेऊन टेबलावर ठेवली.
'गज राहिला.'
'काय राहिलं?'
'गज. नळीखाली आहे बघा. तो लिहा.'
'काय लिहू, काठी?'
'काठी लिहा,' मामा म्हणाला, 'पण लिहा.'